वर्दी उतरवलेली बोट

खालापूरला समुद्र नाही. आमची पाताळगंगा रसायनीवरून पुढे धरमतरच्या खाडीला मिळते, एवढंच काय ते समुद्राशी नातं. पण नदीकाठी राहणाऱ्याला एक प्रश्न पडतोच: पाण्यावर पहारा कोणाचा? मला तो एका स्कॉटिश बोटीच्या इतिहासापर्यंत घेऊन गेला.

‘वेस्ट्रा’ ही गस्तनौका १९७५ मध्ये ॲबर्डीनला बांधली गेली. स्कॉटलंडच्या हद्दीत नियम मोडून मासे धरणाऱ्यांना रोखणं हे तिचं सरकारी काम. ती निवृत्त झाली आणि २००६ मध्ये पॉल वॉटसन यांच्या ‘सी शेफर्ड’ संघटनेने विकत घेतली. पुढे तिचं नाव पडलं ‘स्टीव्ह अर्विन’. हो, टीव्हीवरचा तोच मगरवाला.

देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर १९८६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी होती, पण संशोधनासाठी परवाने द्यायची मुभा देशांना होती. त्याच वाटेने जपान अंटार्क्टिक समुद्रात दर हंगामात शेकडो देवमासे मारत होता, आणि मांस बाजारात जात होतं. तिथे चौकी नव्हती. म्हणून ही बोट शिकारी जहाजांना आडवी जाऊ लागली. तिच्यावरून आम्लाच्या बाटल्याही फेकल्या गेल्या. काम जुनंच होतं, अधिकार मात्र उरला नव्हता.

फेब्रुवारी २०११ मध्ये या अडथळ्यांमुळे जपानने हंगाम अर्ध्यात सोडला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने ‘सी शेफर्ड’च्या या पद्धतींना चाचेगिरी म्हटलं. ३१ मार्च २०१४ ला, ऑस्ट्रेलियाच्या दाव्यावर, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला: हे परवाने संशोधनासाठी नाहीत. बहुमतात न्या. दलवीर भंडारी होते, एकेकाळचे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. तरीही २०१५ मध्ये जपान नवी योजना घेऊन परतला. अंटार्क्टिकमधली शिकार थांबली ती २०१९ मध्ये, तो आंतरराष्ट्रीय आयोगातून बाहेर पडून स्वतःच्याच समुद्रात व्यापारी शिकार करू लागला तेव्हा.

मग श्रेय कोणाचं? मला वाटतं, निकालाने शिकारीवरचा संशोधनाचा शिक्का पुसला आणि बोटीने तोवरचे हंगाम वाचवले. निकाल येईपर्यंत मेलेला देवमासा कुठलंही कोर्ट परत आणत नाही. बाटल्यांचं समर्थन मी करणार नाही. पण ज्यांनी बंदी घातली त्यांनीच तिथे एखादी गस्तनौका पाठवली असती, तर ‘वेस्ट्रा’ला निवृत्तीनंतर पुन्हा कामावर जावं लागलं नसतं.