अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र : खर्च किती, उपयोग किती?

दहावी-बारावीचे निकाल लागले की ‘फायर अँड सेफ्टी’ अभ्यासक्रमांच्या जाहिराती झळकू लागतात. सहा महिन्यांचा किंवा वर्षभराचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर नोकरीची हमी, असा त्यांचा सूर असतो. या क्षेत्रात मागणी नाही असे नव्हे. मुंबईतील कमला मिलच्या आवारात डिसेंबर २०१७ मध्ये लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला, तर जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात १० अर्भके दगावली. अशा दुर्घटनांनंतर तपासण्यांना वेग येतो आणि जाणकार मनुष्यबळाची वानवा जाणवते. मात्र मनुष्यबळाची गरज असणे आणि हातातील विशिष्ट प्रमाणपत्राला मान्यता असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अग्निशमन दलाची नोकरी असते. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये अग्निशामकांची मोठी भरती केली, तेव्हा बारावी उत्तीर्ण असणे आणि उंची, वजन, धावणे यांचे शारीरिक निकष महत्त्वाचे होते. खासगी संस्थेची पदविका ही अट नव्हती. इतर अनेक महापालिका व नगर परिषदा अग्निशामक पदासाठी राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाच्या प्रशिक्षण केंद्रातील सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला उमेदवार मागतात. उपअधिकारी पदासाठी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचे प्रशिक्षण वजनदार ठरते. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आली. तेथे अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही घेता येते.

कारखान्यांचे गणित वेगळे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने एक हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद केली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा पाचशेवर आणि घातक प्रक्रियांसाठी अडीचशेवर आणली. साहजिकच पदे वाढण्यास वाव आहे. परंतु या पदासाठी राज्याच्या १९८२ च्या नियमांनी अभियांत्रिकी वा विज्ञानाचे शिक्षण, प्रत्यक्ष अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची शासनमान्य पदविका अशी तिहेरी अट घातली होती. केवळ बारावीवर घेतलेल्या पदविकेने सुरक्षा अधिकारी होता येईल, असे सांगणारा समुपदेशक विद्यार्थ्याचा नव्हे, संस्थेचा हितचिंतक समजावा.

तुलनेने दुर्लक्षित राहिलेली वाट परवानाधारक अग्निसुरक्षा संस्थांची आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी व जुलै अशा दोन महिन्यांत सादर करावयाचे असते. पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर आणि धूरशोधक यंत्रणा यांची देखभाल करणारे हात त्यासाठी बारमाही लागतात. आयटीआयचा वीजतंत्री किंवा जोडारी, ज्याला नकाशा वाचता येतो आणि राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागाची ओळख आहे, त्याला येथे अल्प मुदतीचे प्रमाणपत्रही उपयोगी पडू शकते.

खर्च मोजताना शुल्काबरोबरच बुडालेली कमाईही धरली पाहिजे. समजा, वर्षाचे शुल्क ६० हजार रुपये आहे आणि त्या काळात महिना १० हजारांची नोकरी सोडावी लागली, तर खरा खर्च एक लाख ८० हजार होतो. बाहेरगावी राहण्याचा खर्च वेगळाच. प्रमाणपत्रानंतर पगार तीन हजारांनी वाढला, तर तो भरून निघण्यास पाच वर्षे लागतील. पगार आठ हजारांनी वाढल्यास तेच काम दोन वर्षांच्या आत होईल. वाढ कोणती मिळेल हे संस्थेच्या माहितीपत्रकावरून नव्हे, तर दोन वर्षांपूर्वी तेथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या पगारपत्रकांवरून समजते.

आखाती देशांत जाऊ इच्छिणाऱ्यांमध्ये ब्रिटनच्या ‘नेबॉश’ प्रमाणपत्राची चलती आहे. त्याचा सर्वसाधारण अभ्यासक्रम कामाच्या जागेवरील आरोग्य व सुरक्षेचा आहे. अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र स्वतंत्र असते, हे शुल्क भरण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. अमेरिकेच्या एनएफपीए संस्थेचे ‘सीएफपीएस’ हे अनुभवी व्यावसायिकांसाठी आहे. शिक्षण व अनुभवाची अट पूर्ण केल्यावर पुस्तक उघडून देता येणारी तीन तासांची, शंभर प्रश्नांची परीक्षा असते आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे खर्च एकदाच संपत नाही. सल्लागार कंपनीत काम करणारा अभियंता अनेकदा हा खर्च मालकाकडून मिळवू शकतो. नवख्याने तो खिशातून करण्यात फारसा अर्थ नाही.

प्रवेश घेण्याआधी संस्थेकडे शासनमान्यतेचे पत्र मागावे, त्यावरील अभ्यासक्रमाचे नाव व मुदत जाहिरातीशी ताडून पाहावी आणि ज्या पदाची इच्छा आहे त्याच्या मागील दोन-तीन भरतींच्या जाहिराती काढून त्यांतील पात्रतेचा रकाना शब्दशः वाचावा. ‘समकक्ष’ या शब्दावर विसंबून पैसे भरले असतील, तर समकक्षता कोण ठरवणार याचे उत्तर लेखी घ्यावे.