चुंबकीय द्रवांच्या चुंबकीकरणाची सैद्धांतिक प्रतिमाने

मॅग्नेटाइटसारख्या चुंबकीय पदार्थाचे सुमारे १० नॅनोमीटर व्यासाचे कण तेलात वा पाण्यात स्थिरपणे विखुरलेले असल्यास त्या कलिलास चुंबकीय द्रव म्हणतात. वजनरहित अवस्थेत अग्निबाणाचे इंधन चुंबकाने ओढता यावे, यासाठी नासातील स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये असा द्रव तयार केला.

द्रवातील प्रत्येक कण हा सूक्ष्म चुंबक असतो. बाह्य क्षेत्र कणांना एका दिशेस वळविते, तर उष्णताजन्य हालचाल त्यांना विस्कटते. या दोहोंच्या समतोलावरून चुंबकीकरण काढण्याची रीत पॉल लांझ्व्हँ यांनी १९०५ मध्ये समचुंबकीय वायूंसाठी दिली. कणांचा परस्परांवर परिणाम होत नाही, असे तीत गृहीत असल्याने ती विरल द्रवांनाच नीट लागू पडते.

दाट द्रवांसाठी प्येर वाइस यांची १९०७ मधील माध्य-क्षेत्र कल्पना वापरतात. क्षीण क्षेत्रातील चुंबकीकरण आणि क्षेत्र यांचे लांझ्व्हँ-रीतीने येणारे गुणोत्तर ‘ल’ मानल्यास, वाइस-प्रतिमानानुसार ते ल ÷ (१ − ल/३) होते. ल = ३ असता हे मूल्य अनंत होते; म्हणजे क्षेत्राविनाही द्रव चुंबकित व्हावा. नेहमीच्या चुंबकीय द्रवांत तसे आढळत नाही. सुधारित माध्य-क्षेत्र प्रतिमानात ल × (१ + ल/३) हे सूत्र येते. त्यानुसार ल = ३ असता उत्तर ६, म्हणजे सांतच राहते.