मर्क्युरी, फ्रेडी
(५ सप्टेंबर १९४६ – २४ नोव्हेंबर १९९१). ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा अग्रगायक, गीतकार व पियानोवादक. मूळ नाव फारूख बलसारा. जन्म झांझिबारमध्ये, पारशी कुटुंबात. शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तेथेच तो पियानो शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी वाद्यवृंदात वाजवू लागला. १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० मध्ये ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह त्याने ‘क्वीन’ची स्थापना केली.

अग्रगायकाकडे नुसता गळा असून भागत नाही. मैदानातल्या शेवटच्या रांगेपर्यंत त्याला पोचावे लागते. मर्क्युरीला हे साधले होते. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी मैफलीत ‘क्वीन’ला जेमतेम वीस मिनिटे मिळाली होती. समोर सुमारे ७२,००० श्रोते, आणि दिवसाउजेडी प्रकाशयोजनेचा आधारही नाही. त्याने शब्दांवाचून एक तान घेतली, मैदानाने ती परत केली. पुढची तान अधिक अवघड, तीही परत आली. कीर्तनकार श्रोत्यांना टाळ्यांच्या ठेक्यात ओढून घेतो, त्याच जातीचे हे कसब. हातात मायक्रोफोनची अर्धीच दांडी असे. त्यामुळे रंगमंचावर तो मोकळा फिरे. विशेष म्हणजे एरवी तो संकोची होता.

रॉकच्या इतिहासात त्याच्या तोडीचा अग्रगायक विरळा. एड्समुळे उद्भवलेल्या न्यूमोनियाने लंडन येथे त्याचे निधन झाले. अंत्यविधी जरथुश्त्री पद्धतीने झाले.