सित्राचा किनारा, बाजार आणि बलदियाचा माणूस

शुक्रवारी पहाटे उठून सित्राला मासळी आणायला जाणे हा माझा गेल्या बारा वर्षांतला एकमेव धार्मिक नेम आहे, असे सौ. म्हणते. रस्त्याकडेला पिकअपच्या मागे थर्मोकोलच्या पेट्या मांडलेल्या असतात. हामूर, साफी आणि चनाद, म्हणजे आपली सुरमई. भाव करायला अरबी लागत नाही, बोटे पुरतात. मागच्या हिवाळ्यात असाच उभा असताना पलीकडून कुणीतरी “बलदिया! बलदिया!” असे ओरडले. क्षणात पेट्यांवर ताडपत्र्या पडल्या, दोन पिकअप सुरूसुद्धा झाल्या, आणि माझी सुरमई तराजूत अर्धवट तोललेली राहिली.

माझे बालपण दादरचे. “गाडी आली!” ही हाक ऐकताच पाटी डोक्यावर घेऊन गल्लीत शिरणाऱ्या भाजीवाल्या मी शाळेत जाता-येता पाहिल्या आहेत. भाषा निराळी, समुद्र तोच, आणि पळण्याची तऱ्हाही तीच. घरी येताना एकच प्रश्न डोक्यात होता. हा जो गाडीतून उतरणारा माणूस, त्याला नेमतो कोण, आणि तो उत्तर कुणाला देतो?

नव्याने आलेल्या मंडळींसाठी सांगतो. बलदिया म्हणजे नगरपालिका. आपण घरभाड्याच्या दहा टक्के जो आकार भरतो, तो हिचाच. तेव्हा प्रश्न अगदीच परका नाही. मी व्यवसायाने संगणकवाला, डॉक्टरेट इंजिनिअरिंगमधली, इतिहासातला माझा अधिकार शून्य. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. काही अडले की आधी पाहायचे, यात शेवटचा बदल कुणी आणि केव्हा केला.

सित्राच्या बाबतीत ही बदलांची यादी लांबलचक निघाली. १९६० साली बहारीनमध्ये चारच नगरपालिका होत्या : मनामा, मुहर्रक, हिद्द आणि रिफा. वस्ती वाढत गेली तशा पुढच्या तीस वर्षांत त्यांच्या बारा झाल्या, आणि त्यांत एक सित्रा. कारभार मात्र मनामाहून, नेमलेल्या मध्यवर्ती मंडळामार्फत चाले. २००२ मध्ये स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पालिका निवडणुका झाल्या. बाराच्या पाच झाल्या आणि सित्रा मध्य प्रांतात गेले. त्या वेळी येथे मालमत्ता असलेल्या परदेशी रहिवाशांनाही पालिकेपुरते मत मिळाले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये मध्य प्रांतच मोडला आणि सित्रा राजधानी प्रांताला जोडले गेले. त्याच वर्षी राजधानीतले निवडून आलेले पालिका मंडळ जाऊन त्या जागी नेमलेले विश्वस्त मंडळ आले. देशभरच्या पालिका सभासदांच्या जागा चाळीसवरून तीस झाल्या. म्हणजे वाद्यान, मुहज्जा किंवा सुफाला गावातल्या मासेवाल्याला २००२ ते २०१४ अशी बारा वर्षे पालिकेत एक माणूस मतांनी पाठवता येत होता. आता त्याचे गाऱ्हाणे नेमलेल्या मंडळापुढे जाते.

ही नगरपालिका मुळात आली कुठून? मनामाची पालिका १९१९ च्या जुलैतली, सभासद आठ. अरब जगातली पहिली असे कौतुकाने सांगतात. ते काही खरे नाही, ट्यूनिसला १८५८ सालीच पालिका होती. आपल्या दृष्टीने खरी गंमत वेगळी आहे. इथला ब्रिटिश पोलिटिकल एजंट तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली होता, आणि हिंदुस्थानातले कायदे येथे लागू करणारा हुकूमही त्याच वर्षी अमलात आला. मुंबई-कराचीकडे जो नमुना रुळला होता, तोच गलबतातून इथे उतरला म्हणा ना. रुपया तर १९६५ पर्यंत चालत होता. या पालिकेत जमातवार प्रतिनिधी असत, आणि इराणी व्यापाऱ्यांप्रमाणे हिंदू व्यापाऱ्यांनाही जागा होती. श्रीनाथजीच्या देवळाच्या आसपास पेढ्या मांडून बसलेल्या सिंधकडच्या भाटिया मंडळींचा बाजाराच्या कारभारात आवाज होता.

कामे साधी होती. रस्ते झाडणे, दुकाने भाड्याने देणे, पुढे मंडया आणि कत्तलखाना उघडणे, आणि रात्री बाजारात पहारा. पहारेकऱ्यांना नातूर म्हणत. आज आपण इमारतीच्या राखणदाराला हाक मारतो तो हाच शब्द. पालिका म्हणजे सभागृह, ठराव, शिक्के असे आपल्याला वाटते. बाजारातल्या माणसाला पालिका दिसते ती झाडूवाला, नातूर आणि तपासनीस या तिघांत.

त्यातल्या तिसऱ्याची गोष्ट बहारीनच्या इतिहासात ठळक लिहिलेली आहे. ११ मार्च १९५६, मनामाचा बाजार. दिवस तंग होते. नऊ दिवसांपूर्वीच ब्रिटिश परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड यांच्या गाडीवर मुहर्रकला दगडफेक झाली होती. सल्लागार चार्ल्स बेलग्रेव्ह यांच्या तीस वर्षांच्या कारभाराला लोक विटले होते. अशात एक भाजीवाला आणि पालिकेचा तपासनीस यांच्यात वाद झाला. वाद कसला, तर परवान्याचा आणि बसण्याचा. रोज दहा वेळा होतो तसला. पण त्या दिवशी गर्दी जमली, पोलीस पालिकेच्या इमारतीत अडकले, बाहेर जमाव, आणि शेवटी गोळीबार. माणसे मेली. बाजार बंद पडला, संप झाला, आणि थोड्याच दिवसांत सरकारला विरोधकांच्या समितीला मान्यता द्यावी लागली. पुढच्या वर्षी बेलग्रेव्ह देश सोडून गेले. हे सगळे एका भाजीवाल्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. दारू आधीच साठलेली होती. पण ठिणगी पडली ती पालिकेच्या दाराशी, भाजीच्या टोपलीजवळ, हे विसरता येत नाही. अरबीत या प्रसंगाला “बलदियाची घटना” असेच म्हणतात.

हे वाचताना मला पुण्याची आठवण झाली. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शनिवारवाड्यापुढच्या उघड्या बाजारातल्या विक्रेत्यांना हलवून मोठी मंडई बांधायचे घाटत होते, त्याला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे. मंडई झालीच. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती उघडली. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला फुल्यांचेच नाव मिळाले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचेही तेच. आर्थर क्रॉफर्ड हा १८६५ मध्ये आलेला मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. कामाचा झपाटा दांडगा, पण त्याच्या खर्चापायी करदाते बिथरले, आणि त्यातूनच १८७२ चा कायदा येऊन निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. मंडई १८६९ ची, आणि ती इतकी सुंदर की आपण तिच्या दगडाकडे बघत राहतो. तिच्याबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या बाईकडे बघत नाही. त्या बाईला कायद्याने जागा द्यायला फार काळ गेला. रस्त्यावरचे अतिक्रमण नोटीस न देता उचलण्याचा पालिकेचा अधिकार १८८८ च्या कायद्यातला. फेरीवाल्यांना कुठे बसू द्यायचे याचा विचार सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांपुढे १९८५ मध्ये झाला. फेरीवाल्यांचा केंद्रीय कायदा आला २०१४ मध्ये. त्याप्रमाणे शहर समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनीच निवडलेले हवेत. मुंबईत त्यासाठी मतदान झाले ऑगस्ट २०२४ मध्ये! आणि गंमत पाहा, त्या वेळी खुद्द महापालिकेतच निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. मुदत मार्च २०२२ मध्ये संपलेली, कारभार प्रशासकाकडे. तेव्हा इथल्या नेमलेल्या मंडळाकडे बोट दाखवताना आपण मुंबईकरांनी जरा बेताने दाखवावे.

किनाऱ्याचे दुखणे बाजाराहून अवघड. सित्रा हे बेट खजुराच्या बागांचे, गोड्या झऱ्यांचे आणि हद्रांचे. हद्रा म्हणजे ओहोटीला मासे अडकवणारे खजुराच्या काठ्यांचे कुंपण, आपल्या कोकणातल्या वाणासारखे. १९३२ मध्ये तेल लागले, काही वर्षांत शुद्धीकरण कारखाना आला, आणि टँकर भरण्याचा धक्का सित्राला झाला. पुढे समुद्रात भराव घालून खतांचा नि रसायनांचा कारखाना उभा राहिला. आता पूर्वेला भरावावरच नवे गाव वसते आहे. बहारीनचे क्षेत्रफळ पन्नास-साठ वर्षांत शंभराहून अधिक चौरस किलोमीटरने वाढले, ते असेच. बाब-अल-बहारीनच्या कमानीसमोर एके काळी समुद्र होता, हे आता मुलांना खरे वाटत नाही. भराव एकाचा, बंदर दुसऱ्याचे, मासेमारीचे नियम तिसऱ्याचे आणि कचरा कंत्राटदाराचा. मग किनाऱ्यावर रोज सकाळी उभा राहणारा माणूस कुणाचा? गिरगाव चौपाटीवर तरी वेगळे काय आहे? तिथे वाळू सरकारची आणि झाडू पालिकेने नेमलेल्या कंत्राटदाराचा. आणि झाडू मारणारे हात, इथे काय नि तिथे काय, बहुतेक आपल्याकडच्याच गरीब माणसांचे.

असो. त्या शुक्रवारचे सांगायचे राहिले. गाडीतून एक पोक्त गृहस्थ उतरले, पांढरा तोब, हातात वही. पळून न गेलेला एकच म्हातारा होता, माझी सुरमई तोलणारा. दोघांचे काही बोलणे झाले. आवाज चढले नाहीत. तपासनिसांनी हाताने रस्त्याची कड दाखवली, मग दहा पावले आत मोकळी जागा दाखवली. म्हाताऱ्याने मान हलवली. मी एका बाजूने पेटी धरली, त्याने दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही ती आत नेली. तपासनीस तिथेच थांबले. मग तराजूकडे बोट करून त्यांनी म्हाताऱ्याला सांगितले, आधी या हिंदी माणसाचे पुरे कर.

सव्वादोन किलो भरली. पुढच्या शुक्रवारी गेलो तर सगळ्या पिकअप दहा पावले आत लागलेल्या होत्या.