सत्तर टक्के कशाचे?

श्रोतेहो, वाटाघाटीला बसणारा कामगार कार्यकर्ता एक धडा लवकर शिकतो. मालक म्हणतो, "इतके टक्के बोनस." नवखा त्या आकड्यावरच खूष होतो. मुरलेला विचारतो, "टक्के खरे, पण कशाचे? मूळ पगाराचे, की भत्त्यासकट?" वैद्यकीय प्रवेशाच्या इतिहासालाही आज मला हाच प्रश्न विचारायचा आहे.

2019 च्या पावसाळ्यात हिंगोलीच्या एका चहाच्या हॉटेलात दोन पोरे मोबाईलवर निवडयाद्या ताडून पाहत बसली होती. दोघे दहावीपर्यंत एका बाकावरचे. एकाने बारावी इथेच केली, दुसऱ्याने पुण्याला मामाकडे राहून. 'नीट' परीक्षेत इथल्याला गुण जास्त; नंबर मात्र पुण्याच्या बारावीवाल्याचा लागला. दोघेही हुशार, दोघेही कष्टाळू. पहिला इतकेच म्हणाला, "मलाही मामा हवा होता." हसण्यावारी नेले, पण चहा दोघांचाही तसाच राहिला.

असे का झाले? मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 सालचे. हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात, आणि पुढेही आमच्या माणसाला डॉक्टर व्हायचे तर वाट हैदराबादची. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद शहर परराज्यात गेले. तेव्हाच्या औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते त्याच साली. म्हणजे मुंबईच्या मागे एकशे अकरा वर्षे!

आम्ही या राज्यात आलो ते काही बोलणी करून. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे आदींच्या सह्या आहेत. शास्त्रीय व धंदेशिक्षणाच्या संस्थांत प्रत्येक विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात प्रवेशाची सोय मिळावी, असे त्यात कलम होते. कलम चोख होते. अंमलबजावणीचे काय होते, हे कामगारांना निराळे सांगायला नको.

पुढे राज्याने त्या त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील मुलांसाठीच तिथल्या जागा राखल्या. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने ही पूर्ण दारबंदी रद्द केली. परंतु मागास विभागातील मुले उघड्या स्पर्धेत मागे पडतील हे ओळखून 70 टक्क्यांपर्यंत जागा विभागासाठी ठेवण्यास मुभा दिली. त्यातून 70:30 हे सूत्र आले. ते आमच्या रक्षणाकरिता होते, हे विसरू नका.

आता कशाचे 70? समजा, एका विभागात 100 जागा आणि दुसऱ्यात 400. पहिल्याच्या मुलांना घरच्या 70, दुसऱ्याच्या मुलांना 280. दोन्हीकडचे टक्के सारखे! उरलेल्या 30 टक्क्यांत सगळे राज्य उतरणार. महाविद्यालये वाढत गेली ती प्रामुख्याने उर्वरित महाराष्ट्रात. नांदेडला ते 1988 साली आले, लातूरला 2002 साली. शिवाय विभाग ठरे तो बारावी कुठे केली त्यावरून. लातूरच्या शिकवण्यांची कीर्ती ऐकून परविभागातली हुशार मुले तिथे येत आणि कायद्याने मराठवाड्याची होत. थोड्या जागांवर मोठी झुंबड. जे कुंपण म्हणून घातले त्याचाच कोंडवाडा झाला. त्या हॉटेलातल्या पोराला अडवले होते ते या कोंडवाड्याने.

सप्टेंबर 2020 मध्ये वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधिमंडळात हे सूत्र रद्द झाल्याचे जाहीर केले. ते स्वतः लातूरचे. मराठवाड्यात पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. राज्याची यादी एक झाली.

मग 2024 साली खुद्द हिंगोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, 100 जागांचे. त्यातल्या 15 टक्के अखिल भारतीय कोट्याच्या, बाकीच्या साऱ्या राज्याला खुल्या. यादी लागली तशी पोरे पुन्हा मोबाईल घेऊन जमली. एकाने मला विचारले, "काका, यांत हिंगोलीची किती?"