फूरिएचे गणित नाडीपर्यंत कसे आले

बोईसर किंवा पालघरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी मित्राच्या अंगावर ईसीजीचे तीन इलेक्ट्रोड चिकटवतो, लॅपटॉपवर लॅबव्ह्यू उघडतो, माउसने चार चौकोन ओढून तारांनी जोडतो, की लगेच पडद्यावर वारंवारतेचा वर्णपट उमटतो. मिनिटाला 72 ठोके पडत असतील तर पहिला उंचवटा 1.2 हर्ट्झवर दिसतो आणि पुढचे त्याच्या पटीत, म्हणजे 2.4 आणि 3.6 वर. 50 हर्ट्झवर घरच्या विजेची हजेरीही बहुधा लागलेली असते. या आलेखाचे मूळ शोधू गेले तर वाट दवाखान्याकडे वळत नाही. ती उष्णतेच्या अभ्यासातून आणि अणुस्फोटांच्या राजकारणातून जाते, आणि वाटेत तारापूरही लागते.

मूळ पुरुष जोसेफ फूरिए. घन पदार्थात उष्णता कशी पसरते, हे गणिताने मांडताना 1807 साली त्याने पॅरिसच्या विद्वानांपुढे एक धाडसी दावा ठेवला: कितीही वेडीवाकडी रेषा असली तरी ती साध्या, नियमित लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते. लाग्रांजसारख्या गणितज्ञाला ते पटले नाही. फूरिएचा ग्रंथ छापून यायला 1822 साल उजाडले. वारली पाड्यावर तारपा नाच रंगतो तेव्हा तारप्याचा सूर, घुंगरकाठीचा खणखणाट आणि पावलांचा ठेका हवेत एकच होऊन येतात, तरी कान ते वेगळे ओळखतो. फूरिएने कानाचे हे काम गणिताला दिले.

शरीराच्या खुणा कागदावर उतरायला पुढचे शतक लागले. नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइंटहोव्हनने विसाव्या शतकाच्या आरंभी तारेच्या गॅल्व्हानोमीटरने हृदयाची विद्युतरेषा टिपली. त्याबद्दल 1924 चे नोबेल त्याला मिळाले. त्याच 1924 साली जर्मनीत हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूची पहिली विद्युतनोंद घेतली आणि 1929 साली ती प्रसिद्ध केली. डोळे मिटले की सेकंदाला साधारण 8 ते 13 वेळा डोलणारी अल्फा लहर त्यात होती. 1932 साली डीट्श या संशोधकाने मेंदूच्या अशा नोंदींवर फूरिएचे गणित चालवून पाहिले. शरीराचा संकेत आणि वर्णपट यांची गाठ पडली, पण आकडेमोड इतकी किचकट, की नोंदीच्या लहानशा तुकड्यापलीकडे जाणे कठीण.

ही अडचण ज्यांनी सोडवली त्यांच्या मनात ना हृदय होते ना मेंदू. 1963 साली अणुचाचण्यांवरच्या बंदीची चर्चा ऐन भरात होती. जमिनीखालचा स्फोट आणि भूकंप यांतला फरक दुरून ओळखायचा, तर भूकंपमापकांच्या प्रचंड नोंदींचा वर्णपट झटपट काढायला हवा होता. अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या बैठकीत रिचर्ड गार्विनने जॉन ट्यूकीला फूरिएच्या गणिताशी खेळताना पाहिले, त्याच्याकडून युक्ती समजून घेतली आणि ती आयबीएममधल्या जेम्स कूलीकडे नेली. खरे कारण मात्र त्याने सांगितले नाही. हेलियमच्या स्फटिकाचा प्रश्न आहे, एवढेच कूलीला कळले. 1965 साली कूली आणि ट्यूकी यांचा लेख छापून आला. 1024 नमुन्यांसाठी सरळ पद्धतीने साडेदहा लाखांच्या घरात जाणारे गुणाकार आता सुमारे दहा हजारांच्या आतबाहेर आले. हीच एफएफटी, म्हणजे फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म. जर्मन गणितज्ञ गाऊसच्या 1805 च्या सुमाराच्या टिपणांत हीच युक्ती होती, हे पुढे उघड झाले.

योगायोग असा, की चाचणीबंदीच्या मॉस्को करारावर 5 ऑगस्ट 1963 रोजी सह्या झाल्या आणि 8 ऑगस्टला तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी भारत-अमेरिका करार झाला. केंद्र 1969 साली वीज देऊ लागले आणि शेजारच्या बोईसरचे रूप पालटले. ज्या अणुऊर्जा खात्याने ते उभारले, त्याच खात्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींनी शरीराकडेही लक्ष वळवले. अंगातून अगदी क्षीण, उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडून रक्तप्रवाहाचा अंदाज घेणारे इम्पिडन्स प्लेथिस्मोग्राफ त्यांनी बनवले. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांबरोबर त्यांनी घेतलेली निरीक्षणे 1981 साली प्रसिद्ध झाली. पुढे जी. डी. जिंदल आणि सहकाऱ्यांनी नाडीच्या आणि रक्तप्रवाहाच्या चढउतारांचा वर्णपट काढणारी उपकरणे केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या आणि आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी 2007 साली 'नाडी तरंगिणी' मांडली, तीही याच कुळातली.

चौकोन आणि तारा या कुळात आल्या त्या टेक्सासातल्या ऑस्टिनहून. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी 1976 साली निघाली. तिच्या संस्थापकांपैकी जेफ कोडोस्कीच्या पुढाकाराने 1986 साली मॅकिंटॉशवर लॅबव्ह्यू आले. इंजिनिअर कागदावर आकृती काढतो, तीच आकृती प्रोग्राम का होऊ नये, असा त्यामागचा विचार. फ्रंट पॅनलवर बटणे आणि आलेख, मागे ब्लॉक डायग्राम. ज्या चौकोनाकडे लागणारी सगळी माहिती पोचली, तो चालू लागतो. प्रोग्रामच्या ओळी न लिहिणाऱ्यालाही एफएफटी हाताशी आली.

ही सोय मोठी, पण चौकोन विचार करत नाही. सेकंदाला 500 नमुने घेतले तर 250 हर्ट्झच्या पलीकडचे काही खरे दिसत नाही. उलट पलीकडचे अलीकडे येऊन खोटा उंचवटा दाखवते, म्हणून आधी फिल्टर हवा. स्नायूंचा संकेत सुमारे 500 हर्ट्झपर्यंत जातो, त्याला सेकंदाला हजाराहून अधिक नमुने लागतात. 10 सेकंदांच्या नोंदीत वर्णपटाच्या रेघांमधले अंतर 0.1 हर्ट्झ. ठोक्यांच्या अंतरातले चढउतार 0.04 ते 0.4 हर्ट्झमध्ये असतात, त्यांना ही चाळणी फार मोठ्या भोकांची. म्हणूनच 1996 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत सलग 5 मिनिटांची नोंद सांगितली आहे.

तेव्हा पालघर-बोईसरच्या प्रयोगशाळांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांना एकच सांगणे: एफएफटीचा चौकोन ओढण्याआधी नमुने किती, नोंद किती वेळाची आणि फिल्टर कोणता, ही तीन उत्तरे वहीत लिहा. ती नसतील तर पडद्यावरचा आलेख कितीही देखणा असो, त्यावरून रुग्णाबद्दल काही बोलू नका.