नवजात मेंदूची इजा : प्रयोगशाळेंतून पाड्यापर्यंत



डहाणू व तलासरी तालुक्यांतील एखाद्या दूरच्या पाड्यावर बाळंतपण अडलें, म्हणजे पहिली चिंता रस्त्याची. मूल जन्मास येतें, पण रडत नाहीं. मेंदूस प्राणवायु पोहोंचत नाहीं. तें वांचलें तरी कित्येकदां पुढें हातपाय ताठर राहतात, बोलणें उशिरां येतें. लोक यास दैव म्हणत आले. विल्यम लिट्ल या इंग्रज वैद्यानें 1861 सालीं अडलेली प्रसूति व हा विकार यांचा संबंध लंडनच्या वैद्यांपुढें मांडला.

पण इजा नेमकी केव्हां होते? मानवी अर्भकावर हा प्रयोग करणें अशक्य; म्हणून प्राण्यांकडे वळावें लागलें. 1981 सालीं राइस व व्हानुची प्रभृतींनीं सात दिवसांच्या उंदराच्या पिलाची मानेंतील एक धमनी बांधून त्यास 8 टक्के प्राणवायूच्या हवेंत ठेवलें. मेंदूच्या एका बाजूस इजा झाली; परंतु ती पाहण्यासाठीं पिलाचा बळी देऊन मेंदूचे काप करावे लागत. एका पिलाचें दर्शन एकदांच!

ही अडचण एम. आर. आय. यंत्रानें दूर केली. शरीरांतील पाण्यांत हायड्रोजनचे कण असतात. बलवान् चुंबकांत ते रांगेस लागतात, रेडिओलहरींनीं डिवचले म्हणजे उत्तर देतात, आणि त्या उत्तरांतून चित्र उमटतें. लॉटरबर यांनीं 1973 सालीं ही युक्ति प्रसिद्ध केली. 2003 सालीं त्यांना व मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें 1990 सालीं मोझली यांनीं मांजरांवर दाखविलें, कीं रक्त तुटलेल्या भागांत पाण्याची हालचाल मंदावते व तें चित्रांत लवकरच दिसतें. आतां तोच जीव दिवसेंदिवस पाहतां येऊं लागला.

लंडनमध्यें डुकराच्या नवजात पिलांवर चुंबकाच्याच साह्यानें 1994 सालीं एक नवल दिसलें. प्राणवायु परत मिळतांच मेंदूची शक्ति सावरते, आणि कांहीं तासांनीं पुनः ढासळते. हे मधले तास म्हणजे उपचाराची संधि! पिलूं थंड ठेवल्यास दुसरी पडझड कमी होते, असें 1995 सालीं आढळलें. श्रीमंत देशांत हा उपाय बालकांस मानवला.

मग आपल्याकडे? मुंबईचें शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय धरून भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात रुग्णालयांत 408 बालकांवर 2015 ते 2019 या काळांत परीक्षा झाली. 2021 सालीं निकाल आला : थंड केलेल्यांपैकीं 42 टक्के दगावलीं, न केलेल्यांपैकीं 31 टक्के. एम. आर. आय. चित्रांवरून संशोधकांचें अनुमान असें, कीं अनेक बालकांची इजा जन्माच्या घटकेपूर्वींच सुरू झालेली असावी. प्रयोगशाळेंतील पिलूं निरोगी होतें, आघात एकदांच व मोजून झाला होता. आपली माता मात्र अशक्त, कळा लांबलेल्या.

प्राण्यांचें ऋण यांत मोठें आहे. त्यांनीं वेळेचें मोल शिकविलें. तें मोल कोठें वेंचावें हें मात्र आपल्याच बालकांनीं सांगितलें. डहाणू-तलासरीच्या मातेस गरोदरपणीं रक्ताची तपासणी व पोटभर अन्न हवें, कळा सुरू होतांच वाहन हवें, आणि बाळ न रडल्यास पहिल्याच मिनिटास श्वास देणारा शिकलेला हात हवा. चुंबक मुंबईस असेल. हा हात पाड्याजवळच असला पाहिजे.